पगाराची टोपी

"थांबा थांबा, कुशलसाहेब," नसरुद्दीन मध्येच उठून उभा राहिला. "म्हणजे यंदा तुम्ही आम्हाला टोपी घालणार, असाच ना?"

दोह्याच्या एशियन टाउनमधल्या खानावळीच्या माडीवर जमलेले आठही टीमांचे कप्तान खो खो हसले. कुशल देवधरही हसला, पण जरा कसनुसाच. बिचाऱ्याने अर्धा तास घसा कोरडा करून 'सॅलरी कॅप' समजावली होती आणि तिची शेवटी ही अशी टोपी झाली.

"टोपी नाही हो, नसरुद्दीनभाई. कॅप म्हणजे मर्यादा. अमेरिकन फुटबॉलमध्ये असते तशी."

कुशल पुण्याचा. वेस्ट बेमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. शिकायला अमेरिकेत होता तेव्हा तो हाताने खेळायचा फुटबॉल याच्या डोक्यात शिरला, तो काही परत बाहेर निघाला नाही. शुक्रवारच्या टेनिस बॉल क्रिकेट लीगचे नियम करायचं काम कमिटीने त्याच्यावर टाकलं आणि गड्याने तिकडचा सगळा कारभारच उचलून इकडे आणला. हेतू सरळ होता, खोटं कशाला बोला. दोन वर्षं एकच पैसेवाली टीम सगळे चांगले खेळाडू ओढून नेत होती आणि जांभया देत ट्रॉफी उचलत होती. आता प्रत्येक टीमला शंभर पॉइंट. गेल्या सीझनच्या खेळावरून प्रत्येक खेळाडूची किंमत ठरणार. शंभरात जेवढे बसतील तेवढे तुमचे, उरलेले लिलावात.

"तिकडे सगळ्यात महाग माणूस क्वार्टरबॅक," कुशल रंगात येऊन सांगत होता. "सगळा डाव तोच चालवतो, म्हणून त्याला भरमसाठ द्यावं लागतं. मग बाकीच्यांना द्यायला उरत नाही. दरवर्षी टीमवाल्यांची हीच डोकेदुखी. एकाला ठेवायचं, की त्याच्या पैशात पाच जणांना?"

"आमच्यात कोण बुवा हा कॉटरबाक?" मागून कोणीतरी विचारलं, आणि सगळ्यांच्या माना नसरुद्दीनकडे वळल्या.

नसरुद्दीनच्या खाडीपट्टा इलेव्हनचा कॉटरबाक म्हणजे त्याचा सख्खा भाचा, फैसल. किंमत पन्नास. अर्धी टीम तो एकटाच खाऊन बसला होता. नसरुद्दीनने तिथल्या तिथे बोटांवर हिशेब करून पाहिला. फैसलला ठेवायचं तर चार जण जाणार. आणि ते चार कोण, हे मोजायला बोटं लागत नव्हती. पहिला नंदू, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, गुडघ्याला पट्टा बांधून फिरकी टाकणारा. उरलेले तिघेही त्याच वयाचे, त्याच गुडघ्यांचे. आठवडाभर इंडस्ट्रियल एरियात राबायचं आणि शुक्रवारी सकाळी माणसात यायचं, एवढीच त्यांची चैन. लिलावात त्यांना कोण हात लावणार होतं?

जिन्यात कुशलने त्याला गाठलं.

"नसरुद्दीनभाई, एक वाट आहे. खेळाडू स्वतःहून किंमत कमी करून घेऊ शकतो. तिकडेही काही क्वार्टरबॅक करतात तसं, टीम टिकावी म्हणून. फैसलने वीसवर सही केली की तुमचे सगळेच्या सगळे राहतात. भाचाच आहे तुमचा. विचारा की! नाही थोडंच म्हणणार आहे?"

"नाय, नाय म्हणायचा नाय तो," नसरुद्दीन म्हणाला.

खरी पंचाईत तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसहून परतताना बसमध्ये नंदूने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. बाकीची मंडळी मागे पेंगत होती.

"नसरू, मला काढ. गुडघा तसाही आता माझा राहिला नाय."

"गप गाडी चालव."

"मग फैसलला विचार. एका सहीचा तर प्रश्न."

"सही!" नसरुद्दीन एवढ्या जोरात ओरडला, की मागचा एक जण दचकून जागा झाला.

नंदूला काय ठाऊक! स्पेअर पार्ट्सच्या एका गोडाउनात नसरुद्दीन स्टोअरकीपर होता. बेअरिंग, बेल्ट, फिल्टर यांच्यात त्याचे केस पांढरे झाले. करोनाच्या वर्षी मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. 'नसरुद्दीन, तू तो अपना आदमी है. थोडा ॲडजस्ट कर.' बाहेरच्या कोणाला नाही सांगितलं, यालाच सांगितलं. आणि हा शहाणा अपना आदमी म्हटल्यावर विरघळला. कमी पगार मला खुशीने मान्य आहे, असं स्वतःच्या हाताने लिहून मोकळा झाला. करोना गेला, बाजार उघडले, वर्ल्ड कपला अख्खी दुनिया दोह्यात येऊन गेली, पगार होता तिथेच. विचारायला गेला तर नव्या मॅनेजरने त्याचीच सही त्याच्या पुढ्यात धरली. तेव्हापासून ॲडजस्ट हा शब्द कानावर पडला, की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि आता तोच शब्द त्याने स्वतः भाच्यापुढे काढायचा होता.

दुपारी आपाचा फोन आला. बिलकिस आपा, त्याची मोठी बहीण, फैसलची आई. आई गेली तेव्हा नसरुद्दीन सात वर्षांचा होता. पुढे त्याला आपानेच न्हाऊमाखू घातलं, ताटातलं काढून खिलवलं. तिचा शब्द त्याने आजवर कधी खाली पडू दिला नव्हता.

"नसरू, मी ऐकते ता खरा काय रे? फैसलला काढतोस तू?"

"तुला कोणी सांगितला?"

"गावभर झालाय. लोक मला तोंडावर विचारतात, मामूनेच हाकलला काय पोराला?"

"आपा, हाकलायचा काय त्यात? लिलावात त्याच्यावर उड्या पडतील. त्याचा काय वाईट होणार नाय. माझे चौघे मात्र घरी बसतील कायमचे."

"मग विचार ना त्याला, कमी कर म्हणून! तुझ्यासाठी जीव देईल पोरगा."

"म्हणून तर विचारणार नाय."

"ही काय तुझी भाषा?"

"आपा, ऐक. चोवीस वर्षांचा हाय तो. आज मामू बोलला म्हणून कमी करेल, उद्या शेठ बोलेल म्हणून करेल. सवय लागते गो माणसाला. मला लागली. माझा काय झाला, बघतेस ना? त्याला नाय लागू देणार मी. निदान माझ्या हाताने तरी नाय."

आपा म्हणाली, "तुझा तू बघ," आणि फोन ठेवला. आपाने 'अल्लाच्या हवाली' न म्हणता फोन ठेवल्याचं त्याला तरी आठवत नव्हतं.

तरी गडी हलला नाही. फैसलला सोडल्याचा कागद पाठवून मोकळं व्हायचं तर तेही जमलं असतं, पण ते त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. संध्याकाळी ड्यूटी सुटल्यावर तो थेट फैसलच्या दुकानात गेला. एशियन टाउनमधलंच मोबाइलचं दुकान. फैसल तिथे सेल्समन. एका नेपाळी गिऱ्हाइकाच्या फोनवर तो काच चिकटवत होता. मामूला पाहून त्याचा चेहरा असा काही खुलला, की नसरुद्दीनला आल्यापावली परत जावंसं वाटलं.

"मामू! आलास? बस बस. चाय सांगतो." त्याने शेजारच्या पोऱ्याला हाक मारली आणि काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभा राहिला. "बोल."

त्याला सगळं ठाऊक होतं, हे त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं. तो नुसता वाट पाहत होता. मामूने तोंड उघडायचं, अर्धं वाक्य बोलायचं, की हा पठ्ठ्या 'आण कागद' म्हणणार. तीन वर्षांपूर्वी मामूनेच त्याला इथे आणला होता. त्याच्याही आधी, दर सुट्टीत गावच्या मैदानात खांदा भरून येईपर्यंत मामू त्याला बॉल टाकायचा. तो खेळायला शिकला तो मामूच्या हाताखाली.

"फैसल, तू फक्त..." शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला. नसरुद्दीनने तो गिळला. "तुला यंदा सोडतोय मी. लिलावात जा. पन्नासाचा हायस तू, पन्नासच घे. एक कमी नको."

फैसलने काउंटरवरची कोपरं उचलली.

"बस? एवढाच बोलायला आलास?"

"एवढाच."

"आणखी काय विचारायचा नाय तुला मला?"

"नाय."

"एकदा विचार करून बोल, मामू."

"केलाय."

"भाई, हो गया क्या?" नेपाळी गिऱ्हाइकाने विचारलं. फैसलने फोन उचलला, काच बोटाने दाबून पुसली आणि त्याच्या हातात दिला. मग मान वर न करता पोऱ्याला ओरडून सांगितलं, "चाय नको रे. कॅन्सल कर."

पुढचे दोन महिने नसरुद्दीनला फार जड गेले. शुक्रवारी दुपारी त्याच्या खोलीवर बिर्याणी व्हायची, तिला फैसल आला नाही. पहिल्या शुक्रवारी नसरुद्दीनने त्याच्या वाटणीची झाकून ठेवली, दुसऱ्या शुक्रवारीही ठेवली. आपाला फोन लावला तर तो वाजत राहायचा. खोलीतले सोबती सुनवायचे, 'एक सवाल पूछने में क्या जाता था तेरा?' लिलावात वेस्ट बेच्या टीमने फैसलला पन्नासला उचलला तेव्हा कुशलने येऊन नसरुद्दीनच्या खांद्यावर हात ठेवला.

पण नसरुद्दीनने हातपाय गाळले नाहीत. आपल्याच निर्णयाने टीम मोडली असं कोणी म्हणता कामा नये, म्हणून त्याने इरेला पेटून तयारी करवून घेतली. पहाटेची नमाज झाली की तो दारं वाजवत फिरायचा. पन्नाशीच्या माणसांना त्याने वाळूत पळवलं, कॅच घ्यायला लावले, शिव्या घातल्या. नंदू म्हणायचा, "मेलो तर बस कोण चालवेल रे?" आणि तरी पळायचा. पहिली मॅच ते हरले. पुढच्या दोन जिंकले आणि दुसरी जिंकली तेव्हा नंदू मैदानातच रडला, लाजबिज काही बाळगली नाही.

मग वेस्ट बेची मॅच आली.

सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. मैदानाच्या कडेला कंपन्यांच्या बसेस रांगेत उभ्या होत्या. दुसरी विकेट पडली आणि फैसल आत आला, नव्या कोऱ्या निळ्या जर्सीत. नंदूच्या हातात बॉल होता. नंदूची फिरकी हळू, म्हणून कीपरला स्टंपला चिकटूनच उभं राहावं लागे, आणि खाडीपट्ट्याचा कीपर म्हणजे खुद्द नसरुद्दीन. दोघांत हातभर अंतर उरलं. दोन महिन्यांत त्यांनी एकमेकांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पोरगा वाळला होता. आपल्याखेरीज याला जेवलास का म्हणून विचारणारं इथे आहे कोण, असं मनात आलं आणि नसरुद्दीनचं काळीज तुटलं.

फैसल वाकून गार्ड घेत होता. मागे न बघता तो हळूच म्हणाला,

"मामू."

"बोल."

"एकदा विचारला असतास, तर फुकट खेळलो असतो मी."

"ठाऊक होता मला," नसरुद्दीन म्हणाला. "म्हणूनच नाय विचारला."

फैसल तसाच वाकलेला राहिला. बॅटचं टोक मातीत रुतलेलं, मान खाली. पलीकडे नंदू बॉल हातात धरून थांबला होता. त्याला ऐकू काही आलं नव्हतं, पण दिसत सगळं होतं.

"यल्ला, यल्ला! चलो भाई!" अंपायर ओरडला.

नंदूने बॉल टाकला. फैसल दोन पावलं पुढे सरसावला आणि त्याने बॅट फिरवली. बॉल सगळ्यांच्या डोक्यांवरून, बसेसच्या टपांवरून पलीकडे गेला. शोधायला कोणी धावलंसुद्धा नाही. वेस्ट बेवाले नाचायला लागले. खाडीपट्ट्याचे दहाही जण आपल्या कप्तानाकडे बघत उभे राहिले.

नसरुद्दीन टाळ्या वाजवत होता. हातात कीपिंगचे ग्लोव्हज, त्यामुळे आवाज असा होत नव्हता, नुसते धप धप. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्याला गरज वाटली नाही. पोटभर टाळ्या वाजवून झाल्यावर तो कण्हत, गुडघ्यांवर हात टेकत, पुन्हा स्टंपमागे बसला.

"नंद्या, घाबरू नको!" त्याने सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली. "असाच टाक. येऊ दे त्याला पुढं. मी हाय मागं."

फैसलने ते ऐकलं. त्याने बॅट पुन्हा क्रीजमध्ये टेकवली.