मयुरीच्या गाडीचा बूस्ट

“टर्बो गेला” असं कोणी माह्या गॅरेजात येऊन म्हणलं, का माह्यं डोकंच फिरते. अरे, जाताना तू पाह्यला काय त्याले? गाडी ओढत नाई म्हणलं का झालं, टर्बो गेला!

गडचांदूरले सिमेंट फॅक्टरीच्या रस्त्यावर माह्यं गॅरेज आहे. रिना रामटेकेचं म्हणून विचारा, कोणीही दाखवन. बाई गाडी खोलते हे पाहाले पह्यले लोक चहा घेऊन उभे राहत. आता माह्या शिव्या खाऊन जातात.

त्या बुधवारी मयुरी आली. कोरपन्याकडच्या कापूसवाल्यांची पोरगी, चंद्रपूरले नोकरी करते. संगं तिची आई, सुगंधाबाई, मांडीवर डबा घेऊन बसलेली. मयुरीनं नागपूरवरून एक जुनी लाल गाडी घेतली होती, पळणाऱ्यांतली. रविवारी नागपूरले ऑटोक्रॉस होता. म्हणजे मैदानात शंकू मांडतात अन् एकेक गाडी घड्याळ लावून त्यातून पळवतात. यंदा एक टीमवाले तिथूनच आपला ड्रायव्हर निवडणार होते. अन् गाडी पाहा, ऐन वेळेले गोगलगाय झालेली.

“बाई, नागपूरचा मेकॅनिक म्हणते टर्बो गेला. नवा मागवा म्हणते, महिना लागन.”

“म्हणणाऱ्याचं काय जाते! चाबी दे इकडे.”

गाडी घेऊन मी रस्त्यावर गेली. हळू चालवा, काई तक्रार नाई. तिसऱ्या गियरात पाय दाबला तं बूस्टचा, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून भरते त्या हवेचा, काटा अर्ध्यावर गेला अन् तिथीच बसला. बोनेटातून फुस्स असा आवाज. हवा कुठीतरी पळून राह्यली होती. पण माह्यं कसं आहे, कोणावर रागवायचं तं आधी खात्री करून.

आल्यावर टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढला, टॉर्च मारला अन् पाहातच राह्यली. टर्बोत हवा ओढणारं पात्यांचं चाक राह्यते, कंपनीतून येते ते ओतीव, जरा खरबरीत. हे तं अख्ख्या गोळ्यातून कोरलेलं, चकचकीत, पात्यांवर मशीनच्या बारीक रेघा. तोंडही चांगलं रुंद.

“मयुरी, हा कंपनीचा टर्बोच नाई व. आधीच्या मालकानं मोठा बसवला आहे.”

“मले तं कोणी सांगतलंच नाई!”

“विकणाऱ्याले माहीत असन तेव्हा ना.”

चाकाची दांडी बोटानं हलवली. बाजूले केसभर हालली, तेवढी हालतेच. आतबाहेर बिलकुल नाई. पाती कुठी घासली नाई, तेल नाई. एकदम ठणठणीत. आता सांगा, तिनं नवा मागवला असता तं चांगला मोठा काढून त्याच्या जागी लहान बसला असता, अन् हवा तशीच पळत राह्यली असती. असा राग आला मले!

मंग तोंडाले बुच मारलं, टायरच्या कंप्रेसरची हवा पाइपांत सोडली अन् सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं. एक बुडबुडा नाई. दुसऱ्यांदा केलं, तरी नाई. मी पाना फेकून देल्ला. मयुरी रडकुंडीले आली. “राहू द्या बाई. नाई जमत तं नाई जमत.”

“चूप बस! कशी जमत नाई पाहातो.”

चूक माहीच होती. मी फक्त जोडच पाहात होती, अन् हवाही भेत भेत सोडत होती. आता अख्ख्या पाइपांवर साबणाचं पाणी मारलं अन् हवा जरा जास्त सोडली, तशी हेडलाइटच्या मांगून, खालच्या जाड रबरी पाइपाच्या मधोमध, साबणाचा फेस फसफसून वर आला. हात घातला तं बोटाले कापड लागलं. वाकून पाह्यलं, तं काळी बाहुली! नजर लागू नये म्हणून लोक गाडीले टांगतात तशी. पण ही स्लॅबच्या सळाखी बांधायच्या तारेनं पाइपाले करकचून आवळलेली. बूस्ट आला का पाइप फुगते, तार काई फुगत नाई. रोज कापत कापत तिनं पाइप चिरला होता. बूस्ट नसला का ती चीर आपसूक मिटे, म्हणून कोणाले दिसली नाई.

“हे कोणं बांधलं व?” मी ओरडली.

मयुरीनं आईकडे पाह्यलं. सुगंधाबाईनं डबा बाजूले ठेवला.

“मीनं बांधली. बंपरले बांधली तं ह्या पोरीनं दोनदा तोडून फेकली. म्हणून आत बांधली, दिसू नये अशी.”

“आई! तुह्याच्यानं माही रेस...”

“मले काय माहीत पाइपात हवा राह्यते म्हणून!” सुगंधाबाईचा आवाज चढला, अन् लगेच उतरला. माह्याकडे पाहून हळूच म्हणे, “बाई, राहू द्या ना तसंच. गाडी मंद झाली तवापासून मले झोप लागते.”

मले असल्या बाहुल्याबिहुल्या पटत नाई. आमच्या घरी कधी चालल्याच नाई. पण त्या माउलीले काय बोलू? आईचं काळीज ते. माह्या तोंडात आलेली शिवी मी गिळून टाकली.

“सुगंधाबाई,” मी म्हणली, “गाडी पोरीची आहे. मी दुरुस्त करणार. हा पाइप जरा धरा.”

तिनं धरला. चिरलेला तुकडा मी कापून काढला, मधात स्टीलच्या नळीचा तुकडा घातला, दोन्हीकडून क्लॅम्प कसले. काम पुरं होईस्तोवर तिनं पाइप सोडला नाई.

“आता मयुरीसंगं तुम्ही ट्रायलले जा.”

“मी? नाई व माय!”

“बसा म्हणतो ना!”

मयुरीनं बेल्ट लावून देल्ला. फॅक्टरीच्या मांगं विमानाच्या धावपट्टीसारखा सरळ, रिकामा रस्ता आहे, तिकडे गाडी गेली. पह्यले शांत होती, मंग असा आवाज काढला गाडीनं! बूस्ट पुरा आला हे मले गॅरेजात उभ्या उभ्या समजलं. मी आनंदानं एकटीच टाळ्या वाजवल्या, खोटं काऊन सांगू?

आल्यावर सुगंधाबाई किती वेळ खालीच उतरली नाई. पदर मुठीत आवळलेला, चेहरा लालबुंद. मले वाटलं, आता पोरीले बोल बोलते.

“बाई,” ती म्हणे, “रविवारी मीबी बसतो हिच्या संगं.”

“स्पर्धेत आईले बसू देत नाई व,” मी म्हणली.

“मंग दोरीच्या पल्याड उभी राहीन. पण घरी नाई राहत. भेव घरी बसून लागते, बाई. हिच्या बाजूले बसली तं बिलकुल नाई लागला.”