शौनकच्या रक्तातला दोष

पंचवटीतल्या बाळाजी गुरुजींनी आजवर जितकी लग्नं लावली, त्याहून जास्त मोडली होती. पत्रिका हातात घेतली की त्यांना दोष दिसायचाच. दोष दिसला की शांती आली आणि शांती आली की दक्षिणा आली. स्वतःच्या शौनकसाठी आलेल्या मुली तर त्यांनी अशा काही चाळून काढल्या, की मुलगा पस्तिशीला टेकला आणि डोक्यावर केस मोजके उरले. आता इंदिरानगरच्या आभाने त्याला पसंत केलं होतं. हे स्थळ गेलं तर दुसरं येणार नाही, हे गुरुजी पुरतं जाणून होते.

पण सवय कुठली जायला! आभाच्या घरी पोहे संपताच त्यांनी पत्रिका उलगडली आणि मान हलवली.

"मंगळ आहे. सौम्य आहे, पण आहे. शांती करावी लागेल. खर्च अर्थातच मुलीकडच्यांचा."

गुरुजींच्या पत्नी श्यामलाबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता. आभाच्या वडिलांचा चेहरा उतरला.

आभा मात्र निवांत होती. ती आहारतज्ज्ञ. "काका, मीही शौनकला रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं. आला ना रे रिपोर्ट?"

शौनकने निमूटपणे मोबाइल पुढे केला.

"बी-ट्वेल्व्ह तळाला गेलंय आणि व्हिटॅमिन डीची तीच गत. दोष आहे, काका. आणि सौम्य नाही."

गुरुजी तडकले. "रोज सूर्याला अर्घ्य देणारं घर आहे आमचं."

"अर्घ्य तुम्ही देता," श्यामलाबाई म्हणाल्या. "तो दहाला उठतो आणि पडदे ओढून कॉम्प्युटरपुढे बसतो."

"अगं, पण धडधाकट मुलगा आहे. काही दिसतंय का?"

"त्याच्या पायाला मुंग्या येतात," आभा म्हणाली. "परवा मला भेटायचं होतं, तेही विसरला. माझ्या मंगळाने अजून कुणाचं काही बिघडवलेलं नाही."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. "पण... काही उपाय असेल ना?"

बोलून गेले आणि स्वतःच दचकले. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं, सतरंजीच्या कडेला अवघडून बसलेल्या मुलींच्या बापांकडून, अगदी याच आवाजात. उत्तर देण्याआधी ते मुद्दाम जरा थांबायचे. आभाही जरा थांबली.

"आहे. डॉक्टर सांगतील तेवढी इंजेक्शनं, मग गोळ्या, रोज उन्हात चालणं आणि पुन्हा तपासणी. खर्च अर्थातच मुलाकडच्यांचा."

गुरुजींनी चष्मा पुसला आणि पत्रिका पुन्हा डोळ्यांजवळ धरली. "अरेच्चा, गुरूची दृष्टी आहे की इथे. मंगळाचा दोष गेला म्हणायचा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तेवढं त्या रिपोर्टचंही बघ ना, बाळ."

"त्याच्यावर कुणाची दृष्टी चालत नाही, काका. आकडा आहे तेवढाच राहतो."

गुरुजींनी पिशवीतून पंचांग काढलं. "मग लग्नाचा मुहूर्त?"

"दुसरा रिपोर्ट चांगला आला की लगेच."

पंचांग परत पिशवीत गेलं. आभाचे वडील आता चांगलेच खुलले होते. त्यांनी पोह्यांची दुसरी बशी गुरुजींपुढे सरकवली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "गुरुजी, तुमचंही रक्त तपासून घ्यायचं का? म्हणजे, दोष घराण्यातला असला तर आम्हाला विचार करावा लागेल."

गुरुजी काही बोलायच्या आत श्यामलाबाईंनी त्यांची बाही कोपरापर्यंत वर सारली.