तोंड कुणी धुतलं?

शालूने जात्यात ज्वारीची मूठ टाकली आणि खुंटा धरला. समोरून सासूचा हात त्याच खुंट्यावर आला.

"दोघी चुलीपासून उठल्या," नर्मदाबाई म्हणाली. "एकीचं तोंड काळं, एकीचं साफ. धुवायला गेली ती साफवाली. काहून?"

"येडी असंल."

"येडी तू!" नर्मदाबाई हसली. सून कामाला वाघ, पण मनातलं सगळं तोंडावर. म्हणूनच निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेलेला आपला लेक तातेराव परत येऊन तुरीच्या वावरात लपलाय, हे तिने त्याच्या बायकोला, शालूलाही सांगितलं नव्हतं.

दारात बूट वाजले. पोलिसांचा अमीन आत आला, मागे दोन शिपाई.

"तातेराव मर गया. पैनगंगा पर गोली लगी," तो म्हणाला आणि दोघींची तोंडं न्याहाळत उभा राहिला. घर रडतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. नाही रडलं, तर तातेराव जिवंत आहे आणि जवळच आहे.

नर्मदाबाईने हंबरडा फोडला. शालू खुंटा धरून बसूनच राहिली. मग सासूने तिला मिठीत घेतलं आणि तिची दोन्ही मनगटं बांगड्यांसकट घट्ट झाकून धरली. अशा वेळी बांगड्या फोडायला बाया पुढे होतात. ही तर त्या जपत होती. शालूने सासूच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

मग हात हिसडून तिने ते जात्याच्या दगडावर आपटले. हिरव्या काचा पिठात सांडल्या.

अमीनाने मान खाली घातली. "चलो," तो शिपायांना म्हणाला. "खेत देखने की जरूरत नहीं."

बूट लांब गेल्यावर नर्मदाबाई म्हणाली, "काय केलंस पोरी! जित्त्या नवऱ्याच्या नावानं... अगं, तो..."

"कळलं मला." शालूच्या मनगटावर रक्त आलं होतं, पण डोळे हसत होते. "तुमी बांगड्या सांभाळल्या न्हाई का? साफवालीला आपलं तोंड कुठं दिसलं व्हतं? दुसरीचं पाहिलं, अन् गेली धुवायला."

नर्मदाबाई बघतच राहिली. जिला आपण येडी म्हणालो, ती अमीनाला पुरून उरली होती, आणि आपल्यालाही. तिचा ऊर अभिमानाने भरून आला.

गल्लीतून शेजारणी धावत येत असल्याचा गलका ऐकू आला. नर्मदाबाई अजून सुनेकडेच बघत होती, आणि तिचं तोंड हसरं होतं.

"आत्याबाई, रडा की," शालूने तिला कोपराने ढोसलं, आणि या वेळी पहिला हंबरडा तिने फोडला.