मौनीबुवांची बडबड

रेडिओकाकूंच्या नातीला जुळी झाली त्या वर्षाची ही गोष्ट. कापडाची गिरणी बंद पडून जमाना लोटला होता. तिच्या कचेरीच्या इमारतीत आता वाचनालय चालत होतं, आणि त्या वाचनालयाच्या मनात आलं की एका भिंतीवर गिरणीत राबलेल्या माणसांचे फोटो लावावेत. साहेबांचे नव्हेत. साहेब आधीपासूनच जिन्यात टांगलेले होते. हे फोटो राबणाऱ्यांचे, आणि प्रत्येकाच्या खाली त्याची हकीकत.

हकीकती गोळा करायला वाचनालयातली एक मुलगी गल्लीत आली आणि थेट रेडिओकाकूंच्या दारात गेली. तिला कुणी सावध केलं नव्हतं. काकूंना हे नाव गल्लीनंच दिलेलं. बटण नसलेला रेडिओ, असं लोक म्हणायचे, आणि काकूंच्या तोंडावरच म्हणायचे, कारण पाठीमागे म्हणायला काकू तिथून हलायच्या कुठे?

मुलीनं वही उघडली. काकूंनी स्वतःच्या बारशापासून सुरुवात केली. दुपार कलली. मुलीचा चहा निवून त्यावर साय धरली. शेवटी तिनं धीर करून विचारलं, "आणि काका?"

"काका काय?"

"फोटो त्यांचा लावायचाय ना, काकू. त्यांच्याबद्दल सांगा की."

काकूंनी तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही. शेजारीण भांडी घासता घासता थांबली आणि काय झालं म्हणून खिडकीशी आली.

"चांगले होते," काकू म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, "बोलायचे नाहीत."

गल्लीत काकांना मौनीबुवा म्हणत. पहाटे कामावर जायचे, संध्याकाळी यायचे, पाटावर बसून काकूंच्या तोंडाकडे टक लावून बघत जेवायचे. काकूंनीच त्यांच्या वाट्याचंही बोलून टाकलं, अशी गल्लीत थट्टा होती. काका जाऊन सात वर्षं झाली तरी ती थट्टा चालूच होती.

मुलीनं लिहिलं, "विणाई खात्यात काम केले. स्वभावाने शांत." आणि वही मिटली. येत्या रविवारी भिंतीचं उद्घाटन होतं.

दुसऱ्या दिवशी थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांचे यजमान, म्हणजे काकूंचे थोरले दीर, गिरणीच्या फाटकावर पहारेकरी होते. जाऊबाई पंख्याखाली बसल्या आणि पदरानं वारा घेत म्हणाल्या, "आमच्यांचं चांगलं पानभर झालं बाई. आग लागली तेव्हा एकट्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, ते सगळं सांगितलं मी."

"ताई, ती आग कचऱ्याच्या ढिगाला लागली होती."

"आग ती आग. भाऊजींचं किती झालं गं?"

"दीड ओळ."

"असू दे हो," जाऊबाई म्हणाल्या. "दीडसुद्धा पुष्कळ झालं. फोटो तरी मोठा दिसेल."

जाऊबाई गेल्यावर काकूंनी त्यांचा कप जरा जास्तच जोरानं विसळला. पण खरं सलत होतं ते जाऊबाईंचं बोलणं नव्हे. एका खोलीत आयुष्य काढलं, आणि त्या माणसाबद्दल आपल्याला दीड ओळ येते? आणि त्याहून वाईट म्हणजे, आपण एवढं बोललो ते त्यानं ऐकलं तरी होतं का? की भिंतीशी बोललो आपण? मग त्या भिंतीवर दीड ओळ लिहिली तरी आपलं काय गेलं? पण गेलं होतं. काकूंना जेवण जाईना.

काकांच्या शेजारचे माग चालवणारा एक जोडीदार अजून हयात आहे, असं त्यांच्या कानावर होतं. शनिवारी सकाळी त्या रिक्षा करून त्याच्या लेकीच्या घरी जाऊन थडकल्या.

"बाबांना ऐकू येत नाही," लेक दारातच म्हणाली. "समोर बसून बोला. ओठ दिसले की त्यांना सगळं कळतं. आणि ते ओरडले तर घाबरू नका, त्यांचा आवाज तेवढाच आहे."

म्हातारा खिडकीपाशी गुडघे जवळ घेऊन बसला होता. काकूंनी कोण ते सांगितलं. त्याचा चेहरा उजळला आणि तो गरजला, "वकिलाची बायको!"

"कुणाची?"

"वकिलाची हो, वहिनी! तुमच्या नवऱ्याची! वकील म्हणायचो आम्ही त्याला. काय तोंडाळ माणूस! दिवसभर बडबड, बडबड! मुकादम हात जोडायचा, बाबा रे, जरा गप्प बस!"

"भावोजी, तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय. आमचे हे बोलायचे नाहीत."

"तोंडानं कुठे!" म्हातारा म्हणाला. "तोंडानं कोण बोलणार? शेकडो माग एकदम खडखडायचे. कानाशी तोफ वाजली तरी ऐकू आली नसती. आम्ही हातांनी बोलायचो. आणि ओठ वाचायचो. हे बघा." त्यानं बोटांनी हवेत दोरा तोडला. "धागा तुटला." तळहात तोंडासमोरून फिरवला. "पाणी पिऊन येतो, माझ्या मागाकडे बघ." मग नसलेल्या मिशीवरून दोन बोटं फिरवली. "सांभाळ, मुकादम आला."

काकू उडाल्याच. "हे? हे असं?" त्यांनीही मिशी फिरवली. "अहो, हे तर ते थोरल्या जाऊबाई दारात दिसल्या की करायचे! मी म्हणायची, मिशी नाही तर कशाला खाजवता?"

म्हातारा इतका हसला की लेक पाण्याचा पेला घेऊन धावत आली.

"पण घरी का नाही बोलले मग?" काकूंनी विचारलं. "घरी काय माग चालत होते?"

"अहो, त्याला ऐकूच येत नव्हतं! तिथे कुणाला येत होतं? कान आमचे त्या खात्यातच राहिले. पण कळलं असतं तर काढून टाकलं असतं, म्हणून कुणी सांगायचं नाही. घरीसुद्धा नाही. आणि तो तर लाजायचा. आपला आवाज केवढा निघतो हे त्याला कळायचं नाही. तुमच्या भावाच्या लग्नात काहीतरी झालं होतं ना?"

झालं होतं. भर लग्नात काकांनी काकूंच्या कानाशी लागून, कुजबुजल्यासारखं तोंड करून, विचारलं होतं, "तुझी मामी अजून जिवंत आहे?" आणि ते सगळ्या लग्नघरानं ऐकलं होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या मामीनंसुद्धा. त्यानंतर काका घरात हं आणि अंहं यापलीकडे गेले नाहीत. काकूंना वाटलं होतं, आपण चारचौघांत झापलं त्याचा राग धरला असेल.

आता त्यांना एकेक गोष्ट दिसायला लागली. त्या चुलीकडे तोंड करून बोलायला लागल्या की काका पाट उचलून चुलीच्या पलीकडे येऊन बसायचे, आणि त्या खेकसायच्या, एका जागी बसायला काय होतं तुम्हाला? संध्याकाळी वीज गेली की काका सगळ्यांच्या आधी कंदील लावायचे आणि तो नेमका काकूंच्या तोंडासमोर धरायचे. डोळे दिपतात माझे, असं म्हणून त्या तो ढकलून द्यायच्या.

मग त्यांनी विचारलं, "भावोजी, आणि हे काय हो?" त्यांनी छातीवर तळहात ठेवून दोनदा गोल फिरवला.

म्हातारा एकदम पुढे सरकला. "हे घरी करायचा?"

"रोज. मी बोलायला बसले की. जेवतानाही. मला वाटायचं छातीत जळजळतंय. पित्ताची प्रकृती, दुसरं काय? मी लगेच उठून कडू चूर्ण आणून द्यायची."

"आणि तो?"

"घ्यायचे. तोंड वाकडं करून घ्यायचे मुकाट्यानं. तिखटसुद्धा तोडलं मी त्यांचं. कितीएक वर्षं बिनतिखटाचं जेवले."

म्हाताऱ्यानं लेकीकडे पाहिलं, मग काकूंकडे. "तरीच!" तो गरजला. "वकील आम्हाला रोज सांगायचा, घरी बायकोचं कौतुक केलं की ती चूर्ण पाजते! आम्हाला वाटायचं, फेकतोय! वहिनी, मागावर काम मस्त जमलं, धागा तुटत नाही, कापड सुरेख उतरतंय, की आम्ही असं करायचो." त्यानं छातीवर हात फिरवला. "याचा अर्थ, झकास, थांबवू नकोस, चालू राहू दे."

काकू गप्प बसल्या. त्या आठवड्यात दुसऱ्यांदा घडलेली ही गोष्ट बघायला तिथे गल्लीतलं कुणी नव्हतं, हे बरं झालं. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मेल्यानं एकदा हात धरून बसवलं असतं तर? मी चूर्ण आणायला उठायची, आणि बोलणं तिथेच तुटायचं."

"त्याला वाटलं असेल, तुमच्यात असंच उत्तर देतात," म्हातारा म्हणाला.

घरी जाताना काकूंनी रिक्षा वाचनालयाकडे वळवली. मुलगी शिडीवर चढून खिळे ठोकत होती. काकूंनी तिला खाली उतरवलं आणि नवीन हकीकत सांगितली. मुलीनं लिहिली आणि वाचून दाखवली: "विणाई खात्यात माग चालवले. साऱ्या खात्यात सर्वांत बोलके, म्हणून वकील म्हणत. हातांनी बोलत आणि ओठ वाचून ऐकत. घरी बायको बोलू लागली की चालू राहू दे म्हणत. बायकोला पित्त वाटले."

"काकू, शेवटचं वाक्य गाळू का?"

"ते गाळलंस तर फोटोही काढ."

रविवारी भिंतीसमोर सगळी गल्ली लोटली. जाऊबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि आगीची हकीकत येईल त्याला ऐकवायला लागल्या. लेकीचा हात धरून आलेल्या म्हाताऱ्यानं खोलीच्या दुसऱ्या टोकावरून काकूंकडे पाहिलं आणि हळूच मिशीवरून दोन बोटं फिरवली. काकूंना हसू आवरेना.

"काय झालं गं एवढं खिदळायला?" जाऊबाईंनी विचारलं.

"काही नाही, ताई," काकू म्हणाल्या. "जरा पित्त झालंय."

मग त्या काकांच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसल्या, अगदी समोर, ओठ दिसतील अशा, आणि तुटलेल्या ठिकाणापासून बोलायला लागल्या. भिंत बघायला आलेली माणसं थोडी पलीकडून वळून जात होती. वाचनालयात शांतता पाळा, अशी पाटी होती. मुलीनं ती काढून कपाटावर उलटी ठेवली.

त्यानंतर काकू जुळ्यांना मांडीवर घेऊन बसायच्या आणि बोलायच्या. पोरांना अजून शब्द फुटले नव्हते. काकूंनी त्यांना छातीवर हात फिरवायला शिकवलं, आणि पोरं ते करायला लागली की नातीला बजावलं, "खबरदार औषध पाजलंस तर."

जोडीदार त्याच वर्षी थंडीत वारला. रेडिओकाकू पुढच्या उन्हाळ्यात वारल्या, जुळी चालायला लागली त्या आठवड्यात, एका दुपारी, बोलता बोलता.