पेटीत पिल्लं, पाइपात उजेड

खट्! समोरच्या खिडकीची कडी निघाली आणि आमच्या बोळातली दुपार दचकून जागी झाली.

मित्रांनो, धुळ्यातल्या फाल्गुनातल्या दुपारी तुम्ही कधी कापडबाजाराच्या मागच्या बोळात आला आहात का? शटरं अर्धी खाली ओढलेली, कुत्री ओट्यांखाली, बायाबापड्या पंख्याखाली. कुणी कुणाला हाक मारत नाही. अशा शांततेत अरिबाने खिडकी उघडली, एका खांद्यावर तान्हा आतिफ सांभाळत दुसरा हात गजांतून बाहेर काढला आणि मोबाईल उंच धरला. पडद्यावर एका मुलीचा चेहरा होता. तो हलला, थिजला, पुन्हा जरासा हलला आणि पुसला गेला. अरिबाने चौकटीला कपाळ टेकलं आणि तशीच उभी राहिली.

हे सगळं मी समोरून पाहत होते. मी टेलिफोनची एक जुनी पेटी आहे. लखीचंद शेठच्या घराच्या भिंतीवर, अरिबाच्या खिडकीच्या अगदी समोर, मला ठोकलेली आहे.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. अंगावर राखाडी रंग चढला, पोटात पितळी स्क्रूंच्या जोड्या बसल्या. एकेक जोडी म्हणजे एकेक घर. मोठ्या रस्त्याखालून टेलिफोन खात्याचा जाड पाइप आला, पाइपातून तांब्याच्या तारांची केबल आली आणि माझ्यापाशी येऊन तिने आपली बोटं सोडली. एक बोट शेठच्या दुकानात गेलं, एक समोर अमीनभाईंच्या, म्हणजे आताच्या अरिबाच्या घरी, एक पलीकडच्या सुताराकडे. त्या दिवशी पहिली घंटी वाजली तेव्हा माझ्या सगळ्या पत्र्यातून शहारा गेला. अजूनही मला त्याचं नवल वाटतं. साक्रीत कुणाला नातू झाला की तो आनंद माझ्या पोटातून जायचा. निकाल जायचे, सोयरिकी जायच्या, "पोचलो गं" एवढं सांगून ठेवलेले फोन जायचे. केसासारख्या तारेत माणसाचा रडवेला गळा कसा मावतो, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही.

तेव्हा माझं फार कौतुक होतं. लाइनमन आला की आधी फडक्याने माझं अंग पुसायचा. दिवाळीला धनकुंवर अक्का, म्हणजे शेठच्या घरच्या बाई, मला कुंकवाचं बोट लावायच्या.

मग मोबाईल आले. माझ्या जोड्या एकेक करून मुक्या झाल्या. माझ्यावर ट्यूशनच्या, मूळव्याधीच्या आणि भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती चिकटल्या. झाकणाचा खालचा कोपरा गंजून गळून पडला आणि तिथे चिमणीला जाता येईल एवढं भोक झालं. मला कुणी विसरलं म्हणायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं.

आता अरिबाचं सांगते. ती ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते. खुणांच्या भाषेत, हातांनी. आतिफ झाल्यापासून तिला घर सोडता येईना, म्हणून एका संस्थेने तिला पडद्यावरून वर्ग घ्यायचं काम देऊ केलं होतं. साक्रीकडच्या एका पाड्यावरची पुना नावाची मुलगी तिची पहिली विद्यार्थिनी. तिच्या शाळेत इंटरनेटची लाइन पोचली होती, पण हातांची भाषा येणारं त्या पंचक्रोशीत कुणी नव्हतं. आणि आमचा बोळ दोन्हीकडून उंच गोदामांनी दाबलेला. मोबाईलची रेंज इथे जेमतेम पोचते. तुटक बोललेलं माणूस अंदाजाने समजून घेतं. पण हातांचं बोलणं मध्येच थिजलं तर समजायचं काय? संस्थेने सांगून टाकलं होतं, सोमवारचा धडा न अडखळता झाला तर वर्ग तुमचा, नाहीतर नाशिकच्या बाईंचा.

नव्या कंपनीची इंटरनेटची काचेची तार मोठ्या रस्त्यापर्यंत आली होती. पण बोळात यायचं कसं? रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला, तो खणायची परवानगी महापालिका देईना. खांब त्याच कामात काढून टाकलेले. उरला एकच मार्ग, माझा पाइप. आणि तो टेलिफोन खात्याचा.

मित्रांनो, इथे मला खरं आश्चर्य वाटलं. मला वाटायचं, एकाचा पाइप म्हणजे एकाचाच. पण नाही. ज्याने आधी जमिनीखालून वाट काढली, त्याने मागून येणाऱ्याला रास्त भाड्यात त्या वाटेने जाऊ द्यावं, असं ठरलं होतं. प्रत्येक कंपनीने आपापला रस्ता खणायचा म्हटलं तर गावाची चाळण होईल ना! अट एवढीच की उघडताना खात्याचा माणूस हजर हवा, जुन्या तारांना धक्का नको आणि ज्याच्या भिंतीवर पेटी आहे त्या घराची हरकत नको. खातं हो म्हणालं. लखीचंद शेठही हो म्हणाले.

शनिवारी सकाळी खात्याचे गिरधरभाऊ किल्ली घेऊन आले. सोबत कंपनीचा जितेंद्र, तारेचं वेटोळं खांद्यावर. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला उघडणार होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझा जीव टांगणीला लागला होता, कारण माझ्या पोटात, पाइपाच्या तोंडाशीच, चिमणीने घरटं केलं होतं. मला लेकरं नाहीत. पण ती पिल्लं चोच उघडत तेव्हा माझा गंजका पत्राही ऊबदार होई.

झाकण बोटभर उघडलं आणि गिरधरभाऊंचा हात थांबला.

"आत जीव शे रे, जित्या."

जितेंद्रने डोकावलं. "चिमणीचं घरटं! उचलून खिडकीत ठेवू, भाऊ. पाइपाचं तोंडच अडवलंय त्यांनी."

"कोण उचलतंय?" वरच्या गच्चीतून आवाज आला. धनकुंवर अक्का भराभर जिना उतरून खाली आल्या. त्या जैन घरातल्या. पायाखाली मुंगी आली तरी पाऊल फिरवणाऱ्या. "तुझं घर उचलून कुणी दुसऱ्याच्या खिडकीत ठेवलं तर चालेल का तुला?"

"माझं घर भाड्याचं आहे अक्का, मालक दर वर्षी तेच करतो," जितेंद्र म्हणाला.

अक्का हसल्या नाहीत. "हात लावलेली पिल्लं चिमणीने नाही घेतली तर? ती उडेपर्यंत पेटी बंद."

"मग पुढच्या महिन्यातच येतो आम्ही," जितेंद्रने वेटोळं पुन्हा खांद्यावर टाकलं. "सोमवार काही साधत नाही."

शेठ गादीवरून उठून आले. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, "हो म्हटलं ते मी म्हटलं. पण आता ही नाही म्हणते, म्हणजे नाहीच."

अरिबा आतिफला घेऊन खाली आली होती. सगळे तिच्याकडे पाहू लागले, कारण तार तिची होती. ती माझ्याजवळ आली, वाकली आणि आत पाहिलं. एवढ्या जवळून माझ्यात कुणी डोकावून किती काळ झाला होता! पिल्लांनी तिलाच आई समजून चोची वासल्या. मग तिने स्वतःच्या हाताने झाकण हळूच लोटलं.

"राहू द्या, जितेंद्रभाऊ. आई समोरच्या कौलावर बसलीय त्यांची. आपण गेल्याशिवाय ती यायची नाही."

आणि ती घरात निघून गेली.

अक्का समाधानाने वळल्या, तोच त्यांची नात चेलना त्यांच्या पदराला लटकली. चेलना सहा वर्षांची. रोज खिडकीत बसून अरिबाकडून हातांची भाषा शिकते.

"दादी, अरिबा चाचीचं काम गेलं."

"कसलं काम?"

"सोमवारचं. चित्र अडखळलं तर पुना नाशिकच्या बाईंकडे जाणार. चाची आत जाऊन रडतेय. तू चिमणीला घर दिलंस ना, मग चाचीला पण दे काहीतरी."

अक्कांना सोमवारचं काहीच ठाऊक नव्हतं. त्या घरात गेल्या. मी भिंतीच्या बाहेर, त्या भिंतीच्या आत, रसोड्यात, म्हणजे स्वयंपाकघरात. त्यांची पावलं इकडून तिकडे जात होती. आणि मला ठाऊक होतं त्या कुठे थांबणार. पण मित्रांनो, पेटीला तोंड असतं, जीभ नसते.

गोष्ट अशी. पूर्वी मी आता आत गेलेल्या जुन्या भिंतीवर होते. शेठनी घर वाढवलं, बोळाकडची ओसरी आत घेऊन तिथे रसोडा केला आणि मला बाहेरच्या नव्या भिंतीवर आणलं. पाइप मात्र जुन्याच जागी, रसोड्यातून येत राहिला. त्याच्या वळणावर, सफाईसाठी ठेवलेलं एक लोखंडी झाकण होतं. ते आलं नेमकं पिण्याच्या पाण्याच्या हंड्यांमागे. तिथून तार बाहेर काढली तर मला उघडायचीच गरज नव्हती. पण अक्कांचा रसोडा! गाळलेलं, उकळलेलं पाणी, सोवळ्यासारखी जपलेली जागा. बाहेरच्या माणसाचं पाऊल तिथे कधी पडलं नव्हतं. अरिबाच्या सासूशी, नूरबीशी, अक्कांची मैत्री त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासूनची. पण तीही खिडकीतून. दोन्ही खिडक्यांत कड्या आणि त्यांतून फिरणारी दोरी. दोरीला टोपली बांधायची, ओढायची. खाखरे तिकडे जात, खजूर इकडे येत.

अक्कांनी रसोड्याची खिडकी उघडली. "ओ तारवाले! गाडीला किक नका मारू. आत या."

"आत कुठे, अक्का?"

"रसोड्यात. एक झाकण आहे तिथे तुमचं. मीच झाकून ठेवलंय इतकी वर्षं." मग उंबऱ्याशी त्यांनी जितेंद्रला अडवलं. "पाय धू. आणि कांदा-लसूण खाऊन आलायस का?"

जितेंद्रचा चेहरा पडला. "अक्का, मी असोद्याचा, भरिताच्या गावचा. सकाळीच भरीत खाऊन निघालो. आता श्वास ठेवू कुठे?"

"बाहेर सोड, आणि मग आत ये," अक्का म्हणाल्या. गिरधरभाऊ इतके हसले की त्यांना ओट्यावर टेकावं लागलं.

गलका ऐकून अरिबाही आली. उंबऱ्याशी येऊन थांबली. अक्का हंड्यांपाशी उभ्या होत्या. भरलेला पितळी हंडा एकटीला हलेना.

"थांबलीस का गं? मी काय एकटीने उचलू?"

अरिबाने आतिफला शेठकडे दिलं, चपला काढल्या, पाय धुतले आणि आत पाऊल टाकलं. दोघींनी एकेका बाजूने हंडा धरला. भिंतीतून मला त्या हंड्यातलं पाणी हिंदकळलेलं कळलं. मग दुसरा हंडा. मग झाकणाचे गंजलेले स्क्रू करकरले आणि माझ्या पाइपात कितीतरी वर्षांनी घराचा वारा शिरला.

"जुन्या केबलीच्या बाजूला बठ्ठी जागा मोकळी शे!" गिरधरभाऊ ओरडले.

जितेंद्रने रस्त्यावरून लवचिक दांडी सारली, गिरधरभाऊंनी ती रसोड्यात धरली. तिच्या टोकाला बांधलेली पांढरी, शेवईएवढी तार आली. आता बोळ ओलांडायचा. जितेंद्र शिडी शोधू लागला. अक्कांनी टोपली सोडली, दोरीला तारेचं टोक बांधलं आणि समोर हाक दिली, "नूरबी, ओढ!"

"काय पाठवलंस भाभी?" समोरून आवाज.

"तुझ्या सुनेची नोकरी. सांभाळून ओढ!"

सोमवारी धडा झाला. मी समोरच होते. अरिबा खिडकीपाशी बसली, पडद्यावर पुना दिसली आणि दोघींचे हात बोलू लागले. एकही हात थिजला नाही. अरिबाने बोटांची चोच केली, मग पंख केले, मग काहीतरी उघडून हळूच मिटलं. पुना पाहत राहिली. मग तिचे डोळे मोठे झाले आणि तिने तेच हात तसेच करून दाखवले, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. अरिबा हसत होती आणि डोळे पुसत होती.

मित्रांनो, मी आयुष्यभर आवाज वाहिले. मला वाटायचं, बोलणं म्हणजे आवाजच. त्या दिवशी माझ्याखालून केसाएवढ्या काचेतून उजेड धावत होता, त्या उजेडात एका मुलीचं सगळं बोलणं होतं, आणि आवाज टाचणीएवढाही नव्हता. वर पोटात पिल्लं, खाली पाइपात उजेड. एवढं भाग्य नव्याकोऱ्या पेटीलाही लाभत नाही.

पिल्लं मोठी झाली आणि उडून गेली. मी पुन्हा रिकामी आहे, पण दुर्लक्षित वाटत नाही. तुमच्या गल्लीतही माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर कागद चिकटवू नका, तिच्यात कचरा कोंबू नका. तिच्यामागे किती लांबची वाट आहे, ते बाहेरून कळत नाही. आणि उघडायची वेळ आलीच तर आधी कान लावा.

काल संध्याकाळी चेलना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात कमरेवर. घरात मोठी माणसं काय काय बोलतात ते तिच्या डोक्यात फिरत होतं.

"पेटी, पाइप टेलिफोन खात्याचा ना?" ती एकेक बोट उघडत म्हणाली. "तार कंपनीची. भिंत दादाजींची. रसोडा दादीचा. खिडकी अरिबा चाचीची." तिने पाचही बोटं मिटली, ती मूठ माझ्या पत्र्यावर अलगद टेकवली आणि मान वर करून विचारलं, "मग आतून पळतो तो उजेड कुणाचा गं?"