डाव्या हाताची सवय

डावी खुर्ची की उजवी, प्रश्न एवढाच होता. पण त्यापायी कॅप्टनची झोप उडाली होती. विमानात डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे सहवैमानिक. गावोगावच्या लहान धावपट्ट्यांवर उतरणाऱ्या पंख्याच्या विमानात त्याने उजव्या खुर्चीत उमेदीची वर्षं घासली, तेव्हा कुठे डावी मिळाली होती. आता त्याची छोटी कंपनी म्हणत होती, डावीकडेच राहा, प्रशिक्षक व्हा, नवी पोरं घडवा. मोठी कंपनी म्हणत होती, आमच्या मोठ्या जेटवर या, पण पुन्हा उजवीकडून सुरुवात करा. बायको हसून म्हणाली, "तिकडे कुठंही बस. घरातली डावी खुर्ची माझीच आहे." सासऱ्यांनी मात्र सुनावलं, "चढलेली पायरी कुणी उतरतं का, जावईबापू?"

कॅप्टनचं मन प्रशिक्षकाकडेच कलत होतं. त्याला ज्याने शिकवलं तो 'हेडमास्तर' मांडीवर लोखंडी टॉर्च घेऊन बसायचा. चूक झाली की इंजिनांच्या दांड्यांवर ठेवलेल्या सहवैमानिकाच्या बोटांवर ती टॉर्च बसायची. कॅप्टनच्या डाव्या हाताचं मधलं बोट आजही वाकडं आहे. कंपनीच्या डॉक्टरला तेव्हा त्याने सांगितलं होतं, "दारात सापडलं." पुढे मात्र, मार खाल्ला म्हणून घडलो, असं तो छाती ठोकून सांगू लागला. माणसाचं असंच असतं. मारणाऱ्याला मोठं केल्याशिवाय खाल्लेला मार पचत नाही.

त्या दुपारी उजवीकडे मुका बसला होता. कामापुरतं बोलायचा म्हणून सगळे त्याला मुका म्हणायचे. निघताना कंपनीच्या साहेबांनी कॅप्टनला बजावलं होतं, "परत उतरलात की प्रशिक्षक व्हायला हो की नाही ते सांगून टाका."

परतीला वारा आडवा सुटला. विमान हिसके खात खाली येत होतं. धावपट्टीचं तोंड दिसलं, अलीकडे तारेचं कुंपण दिसलं, आणि पंखांखालची हवाच निसटली. विमान धपकन खचलं. अशा वेळी दांड्या पुढे रेटायच्या, इंजिनांना जोर द्यायचा, हे शेंबडं पोरही सांगेल. कॅप्टनने जीव खाऊन हात पुढे रेटला. डावा हात.

उजव्या खुर्चीत दांड्या डाव्या हाताला येतात. डाव्या खुर्चीत त्या उजव्या हाताला येतात आणि डाव्या हातात सुकाणू असतं. जुन्या सवयीने दगा दिला, सुकाणू पुढे गेलं आणि विमानाचं नाक खाली गेलं.

कुंपणाचे खांब काचेत मावेनासे झाले. "सर, वर घ्या!" मुका ओरडला. त्याने एका हाताने स्वतःपुढचं सुकाणू पोटाशी ओढलं आणि दुसऱ्याने दांड्या पुढे सारल्या. कॅप्टनला दिसला तो फक्त आपल्या दांड्यांवरचा परका हात. त्याने त्या बोटांवर मूठ हाणली. हात हलला नाही. मग त्याने उलट्या मुठीने मुक्याच्या तोंडावर हाणलं. काहीतरी कडकन मोडलं, रक्ताची चिळकांडी काचेवर उडाली. तरी मुक्याने सोडलं नाही. कुंपण चाकांखालून गेलं आणि विमान धावपट्टीवर असं आदळलं, की मागे सामान कोसळलं आणि किंकाळ्या उठल्या.

सगळे जिवंत उतरले. एका म्हातारीच्या कपाळाला खोक पडली होती.

मुका विश्रांतीच्या खोलीत बेसिनवर वाकून नाक धूत होता, पाणी लाल वाहत होतं. साहेब आत आले. "अरे, हे काय?"

"दारात सापडलो, साहेब," मुका म्हणाला.

बाजूच्या खुर्चीत बसलेल्या कॅप्टनने मान फिरवली. आपलंच खोटं दुसऱ्याच्या रक्ताळलेल्या तोंडून ऐकणं सोपं नसतं. साहेब हसले. "दारं जपा बाबांनो! मग काय, कॅप्टन? पोरं तुमच्या हाती सोपवू ना?"

"हो," कॅप्टन म्हणाला. त्याच्या तोंडून ते निघूनच गेलं.

मुका बेसिनवरून वळला आणि त्याने उजव्या हाताने कॅप्टनच्या जबड्यावर ठोसा मारला. कॅप्टन खुर्चीसकट उलथला. मुक्याने त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. ओठ फाटला, दात हलला. साहेबांनी त्याला मागून विळखा घालून ओढलं तेव्हा तो रडत होता.

"माझं सोडा! कुंपणापाशी तुमचा डावा हात काय करत होता, ते सांगा यांना! हेच शिकवणार आहात पोरांना?"

"याला आत्ताच्या आत्ता घरी बसवतो!" साहेब गरजले.

"त्याला नाही. मला," जमिनीवरून कॅप्टन म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्त गळत होतं. "मी दांड्या समजून सुकाणू ढकललं. त्याने वाचवलं, म्हणून मी त्याला मारलं."

साहेबांचा चेहरा उतरला. खाली वाकून ते हळूच म्हणाले, "वेड लागलंय का? हे वर गेलं तर चौकशी बसेल. प्रशिक्षक विसरा, मोठी कंपनीही दारात उभं करणार नाही. उजवी खुर्चीसुद्धा मिळायची नाही."

"कळवा वर."

मुका भिंतीला टेकून डाव्या हाताला रुमाल गुंडाळायला बघत होता. जमत नव्हतं. मधलं बोट टम्म सुजून एका बाजूला वळलं होतं. कॅप्टन ते बघतच राहिला. मग भिंतीला धरून उठला, रुमालाचं दुसरं टोक त्याने हातात घेतलं.

"डॉक्टरकडे जा," तो म्हणाला. "आणि दार म्हणू नकोस."