छप्पन्नाव्या पानावरची वलांडी

बोईसरची पुष्पलता तांडेल ब्लॉग लिहायची, आणि पालघर-बोईसरच्या ज्या चौदा ब्लॉगवाल्यांबरोबर ती एका गटात होती, त्या सगळ्यांना मनातून भामटे समजायची. त्या रविवारी गटाचा म्होरक्या दर्पण याने एक खेळ काढला. हाताशी असेल ते पुस्तक उघडा, छप्पन्नाव्या पानावरचं पाचवं वाक्य गटावर टाका, पुस्तकाचं नाव मात्र सांगू नका.

झालं! दहा मिनिटांत कुणाच्या हाताशी उपनिषदं निघाली, कुणाच्या फ्रेंच कादंबरी. हाताशी म्हणे! गटातल्या हिनाच्या हाताशी मोबाइल आणि शेवेची पुडी यांखेरीज काही नसतं, हे तिच्या सालवड गावच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

पुष्पलताच्या हाताशी तिचाच कथासंग्रह होता. तीन वर्षं रक्त आटवून लिहिलेला. दिवाळीत तिने चौदाही जणांना सही करून प्रत दिली होती आणि चौदाही जणांनी ‘डोळे पाणावले’ असं कळवलं होतं. आपलं पुस्तक कुणी खरंच वाचलंय का, या एका प्रश्नाने तिची झोप उडाली होती. तिने वाक्य टाकलं: ‘आषाढातल्या त्या सकाळी आई वलांडीखाली उभी होती आणि वर बोंबील हलत होते.’

पहिला धावला दर्पण. “‘वलांडी’ हा मुद्रणदोष. ‘ओलांडी’ हवं. स्त्रीने सीमा ओलांडली, पण बोंबिलांच्या रूपाने संसार डोक्यावर लटकतोच आहे. लॅटिन अमेरिकन अनुवाद दिसतो.”

“मी हे मूळ इंग्रजीत वाचलंय,” हिनाने ठोकून दिलं. बाकीच्यांनी नुसतेच हात जोडले.

पुष्पलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वलांडी म्हणजे बोंबील सुकत घालायचा बांबूंचा मांडव, घिवलीच्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल! आणि ती तर घिवलीचीच लेक. समुद्र, मासळी, आपली माणसं यांवर लिहावं तर तिनेच, असा तिचा ठाम समज होता.

दुसऱ्या दिवशी बाजारात जमुनामावशीपुढे तिने सगळी भडास ओकली. मावशी माहेरच्या आळीतली, सातवी शिकलेली, सुकी मासळी विकणारी. तिलाही एक प्रत दिली होती. तिने त्यात सुकट बांधून दिली असणार, याची पुष्पलताला खात्रीच होती.

“एकानंही वाचलं नाही गं, मावशी! एकानंही!” म्हणत तिने ते वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं.

“मी वाचलंय की,” मावशी बोंबील निवडता निवडता म्हणाली. “ता वाक्य तवाच खटकला. आषाढात मासेमारी बंद, होड्या वर काढलेल्या, वलांडीचे बांबू सोडून ठेवलेले. मग तुज्या आयशीच्या डोक्याव बोंबील आले कुठून?”

पुष्पलताचा चेहरा खर्रकन उतरला. चौदा जणांना ती दोन दिवस शिव्या घालत होती आणि हे तिला स्वतःलाच दिसलं नव्हतं. तरी राहवेना.

“शेवटपर्यंत वाचलंस?” तिने हळूच विचारलं.

“वाचलं ना. दोनदा वाचलं.” मावशीने हात झटकले. “भाषा गोड हाय. पन पुष्पे, घिवलीच्या पोरीनं लिवलंय आसं वाटत नाय.”